वळणावरची कमान

जानेवारी लागला की घाटकोपरच्या डोंगराकडच्या वस्तीत बांबू येतात. टेम्पोतून खाली टाकताना होणारा त्यांचा पोकळ आवाज चढावरच्या शेवटच्या घरापर्यंत जातो, आणि ज्यांनी कॅलेंडर बघितलेलं नसतं त्यांनाही कळतं की हंगाम आला. बांबूंच्या मागून काथ्याची दोरी येते, वाळूनं भरायचे पत्र्याचे डबे येतात, शेवटी फ्लेक्सच्या गुंडाळ्या. नव्या छापलेल्या फ्लेक्सला एक उग्र वास असतो. ऊन लागलं की तो वाढतो. मुंबईत या दिवसांत थंडी म्हणण्यासारखी थंडी नसते. सकाळी नळाचं पाणी हाताला झोंबतं, म्हातारी माणसं उन्हाच्या पट्ट्यात खुर्ची सरकवत बसतात, मैदानातली धूळ थोडा वेळ दबून राहते, एवढंच. ऊन वर आलं की धूळ उठते आणि होळीपर्यंत खाली बसत नाही.

हा अंडरआर्म क्रिकेटचा हंगाम. बाहेरच्या माणसाला हा खेळ थोडा हास्यास्पद वाटतो. टेनिसचा चेंडू, हात कमरेच्या वर न नेता टाकायचा, आणि मैदान म्हणजे चारी बाजूंनी घरांनी वेढलेला एक तुकडा. चेंडू कुणाच्या पत्र्यावर गेला तर चौकार-षटकार काही नाही, सरळ आऊट. जागा कमी म्हणून नियम असे झाले आणि नियम असे म्हणून खेळाडूही तसे घडले. मनगटाच्या झटक्यानं चेंडू दोन घरांच्या फटीतून काढणारे. मानखुर्दहून, कुर्ल्याहून, पार गोरेगावहून संघ येतात. एका रंगाचे टी-शर्ट, पाठीवर टोपणनावं, आणि दिवसभर लाऊडस्पीकरवर मराठी, हिंदी, मालवणी अशी मिसळ कॉमेंट्री.

चषकाला नाव बहुतेक वेळा गेलेल्या माणसाचं असतं. कुणाचा अकाली गेलेला मित्र, कुणाची आई, मंडळाचे संस्थापक. उपनगरं आपल्या मेलेल्या माणसांची आठवण या दिवसांत क्रिकेट खेळून काढतात. यात विनोद नाही. सभेला कोण येतं? दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं तर माणसं चुळबुळतात. तेच सामन्याआधी सांगितलं की बॅट काखेत धरून, मान खाली घालून अख्खं मैदान उभं राहतं. चहाच्या टपरीवरचा स्टोव्ह तेवढा ऐकू येतो.

या वस्तीतला चषक फौजदार सदानंद घाडी यांच्या नावाचा आहे.

घाडी मूळचे कुडाळकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर गावी गेले ते परत आले नाहीत. सदानंद शिपाई म्हणून भरती झाले, खात्याची परीक्षा देत देत उतारवयात फौजदार झाले आणि नोकरीची बरीच वर्षं याच भागाच्या बीट चौकीत राहिले. अंगानं आडवे, आवाज खर्जातला. डोक्याला फार घाम यायचा, म्हणून टोपी काढून हातात धरायची सवय, आणि साहेब लोक दिसले की ती घाईघाईनं डोक्यावर जायची. तिघेजण एका मोटरसायकलवर दिसले की शिट्टी वाजवत नसत. नुसतं विचारत, "शोभाचा ना रे तू? शोभाला सांगू काय?" पोरं उतरायची. पोलिसाच्या दंडापेक्षा आईचं नाव पुरायचं.

अंडरआर्मबद्दल त्यांचं मत वाईट होतं. लाऊडस्पीकरचा आवाज कमी करायला सांगायला ते मैदानात यायचे आणि एक षटक बघून जायचे.

"बाळा, हे क्रिकेट म्हणायचं की गोट्या?"

"साहेब, एक ओव्हर खेळून दाखवा. सहा चेंडूंत तीन वेळा आऊट काढतो तुम्हाला."

"काढशील रे. मग मी तुझा परवाना काढतो."

बाळा म्हणजे बाळा मेस्त्री, स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष आणि कॉमेंटेटर. व्यवसायानं सुतार, पण वस्तीत त्याची ओळख आवाजामुळे. घाडींची ही खेचाखेच तो माइक चालू ठेवून करायचा. मैदान हसायचं. घाडीही हसायचे, मग टोपी घालून निघून जायचे. लाऊडस्पीकरचा आवाज तेवढ्यापुरता खाली यायचा.

ते गेले तो दिवसही याच हंगामातला, अंतिम सामन्याचा रविवार. तेव्हा चषकाला मंडळाचंच नाव होतं. घटना थोडक्यात सांगता येते. हमरस्त्यावरून वस्तीकडे येणारा रस्ता मैदानापाशी वळतो आणि पुढे डोंगरावर चढतो. वरून येणारी वाहनं त्या वळणावरून उतरतात. वळणाच्या आतल्या अंगाला मंडळाची स्वागत कमान उभी होती. दोन्ही खांबांना जमिनीपासून वरपर्यंत रुंद फ्लेक्स लावलेले. माणसं तिथंच रस्ता ओलांडून मैदानात शिरत होती. गर्दी सांभाळायला घाडी तिथं उभे होते. पण त्या फ्लेक्समुळे एका जागी उभं राहून त्यांना गर्दी आणि उतार दोन्ही दिसत नव्हतं. म्हणून ते माणसांना हात करून थांबवायचे, खांबाला वळसा घालून पलीकडे जायचे, वाहन थांबवायचे, पुन्हा इकडे येऊन माणसं सोडायचे. असं बराच वेळ चाललं होतं. एकदा वळसा घालून ते पलीकडे गेले तेव्हा पाण्याचा टँकर अगदी जवळ आला होता. चालकाला कमानीमागून माणूस बाहेर पडेल याची कल्पना नव्हती. तो पळाला नाही. टँकरच्या पायरीवर बसून राहिला आणि पोलीस येईपर्यंत दोन्ही हात डोक्यावर ठेवून होता.

बंदुकांची सलामी झाली. शोकधून वाजली. घाडींच्या पत्नी सुलभाताई, ज्यांना वस्ती काकी म्हणते, त्यांच्या हातात घडी घातलेला तिरंगा दिला गेला. मुलगी दीपाली तेव्हा कॉलेजात होती. पुढे पोलीस क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा मंडळाच्या पोरांनीच वस्तीत खोली शोधली, सामान डोक्यावरून वर चढवलं, बाळानं स्वतः रंधा मारून दारं बसवून दिली. आजही काकींचा सिलिंडर चढावर कोण नेणार हा प्रश्न पडत नाही. हे सगळं लिहून ठेवायला हवं. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की ही पोरं कोडगी होती.

पुढच्या जानेवारीत चषकाला घाडींचं नाव दिलं गेलं. कमान पुन्हा उभी राहिली, त्याच वळणावर. फुटपाथच्या कडेला बांबूंसाठी केलेले खड्डे तयारच होते. ते वर्षभर तसेच असतात, पावसाळ्यात त्यांत पाणी साचतं, बाकी दिवस विड्यांची थोटकं. फरक एवढाच की खांबांच्या फ्लेक्सवर आता घाडींचा वर्दीतला पूर्ण उंचीचा फोटो होता. एका खांबावर डावीकडे बघणारे, दुसऱ्यावर तोच फोटो उलटा करून उजवीकडे बघणारे. ज्या खांबानं त्यांना झाकलं तिथंच त्यांचं चित्र उभं होतं आणि पलीकडून येणारं वाहन आता त्यांच्या चित्राआड दिसेनासं होत होतं. ही गोष्ट कुणी बोलून दाखवली नाही. दिसत नव्हती असंही नाही. वस्तीतली माणसं रस्ता ओलांडताना आपसूक लांबून वळसा घालायची.

माइकवरची गोष्ट मात्र दरवर्षी वाढत गेली. पहिल्या वर्षी बाळानं नुसतं "कर्तव्य बजावताना" म्हटलं. दुसऱ्या वर्षी त्यात एक लहान मूल आलं, ज्याला वाचवायला साहेब धावले. त्यानंतर मूल गेलं आणि सोनसाखळीचोर आला. साहेब मोटरसायकलवरच्या चोराच्या मागे धावले, चोराला पकडलं, आणि तेवढ्यात टँकर. चोर आल्यावर गोष्ट तिथंच थांबली, कारण चोर लोकांना आवडला. नव्या आलेल्या भाडेकरूंना तोच माहीत. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत एका मुलीनं तोच सांगितला आणि बक्षीस मिळवलं. बातमीच्या धंद्यात वर्षं काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे ओळखीचं आहे. माणूस गेल्यावर त्याच्या मरणाची कहाणी लोक आपल्या मापाची करून घेतात. पण इथं एक अडचण वाटत राहिली. चोर पकडणं मोठं आणि मैदानात जाणाऱ्या माणसांसाठी रस्त्यात हात वर करून उभं राहणं लहान, हे कुणी ठरवलं? पोलिसाच्या नोकरीचा बराचसा भाग हात वर करून उभं राहण्यातच जातो. उन्हात, मिरवणुकीत, सभेच्या बाहेर, दुसऱ्याच्या लग्नाच्या वरातीसमोर. त्यातच माणूस गेला तर त्याच्या नावाला चोराची ठिगळं कशाला लावावी लागतात?

यंदाचे बांबू बघताना आठवतो तो गेल्या वर्षीचा हंगाम. सामन्यांच्या आठवडाभर आधी घाडींचा परिचय लिहून द्यायला मंडळानं मला सांगितलं होतं. त्यासाठी काकींकडे गेलो तर बाळा आमंत्रण घेऊन आधीच बसलेला. खोलीत ताज्या घावनांचा वास. दीपाली अंधेरीच्या एका लॅबमधून नुकतीच घरी आली होती, खांद्यावरची पिशवी अजून तशीच होती.

"परिचयात चोर घालू नका," हे तिनं मला दारातच सांगितलं. मग ती बाळाकडे वळली. "आणि बाळादादा, यंदा वळणावर कमान नको."

बाळा हसला. "कमान नको म्हणजे? साहेबांचा फोटो काय सायकलवर फिरवू?"

"मैदानाच्या फाटकावर लाव."

"फाटकावर कोण बघणार गं? वळणावर कशी, खालून रिक्षावाला बघतो, बसमधला बघतो. पब्लिक विचारतं, हे कोण साहेब. फाटकावर लावली तर आपणच लावायची आणि आपणच बघायची."

"वळणावर पलीकडचं दिसत नाही. बाबा त्याच्यामुळं गेले. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे. चोर वगैरे माइकवर ठीक आहे, पण तिथं अजून माणसं रस्ता ओलांडतात ना? अजून कोण जायची वाट बघतोयस तू?"

बाळाचा चेहरा उतरला. त्यानं काकींकडे बघितलं. "काकी, तुम्ही सांगा ना हिला."

काकी तव्यावरचं घावन उलटत होत्या. वळून न बघता म्हणाल्या, "दरवर्षी लावतोस ना? लाव. घावन खाऊन जा."

"आई!"

"हळू बोल. भिंतीला भिंत आहे."

बाळानं घावन कसंबसं संपवलं आणि तो उठला. तो गेल्यावर दीपाली आईला म्हणाली, "एवढं कसलं ओझं आहे गं तुला त्यांचं? सिलिंडर आणून देतात म्हणून?"

"सिलिंडरचं नाही."

"मग?"

काकींनी तवा खाली उतरवला, गॅस बंद केला. "तुझ्या बाबांना मान आहे इथं. तो आहे तसा राहू दे. एक काढायला गेलं की दुसरं निघतं."

दुसरं काय निघतं, हे दीपालीनं विचारलं. माझ्यासमोर घावनाची ताटली आली, सोबत गुळाचा रस. परिचय मी त्याच दिवशी लिहून दिला. त्यात चोर नव्हता. कमानही नव्हती.

त्या आठवड्यात दीपाली मंडळाच्या पोरांना एकेकट्याला गाठून बोलली. सगळ्यांनी ऐकून घेतलं. कुणी म्हटलं, "तुझं बरोबर आहे गं, पण बाळादादाला विचार." कुणी म्हटलं, "कमान नसली तर स्पर्धा सुनीसुनी वाटते यार." एकानं कमान अर्धी छोटी करायचं सुचवलं. दुसऱ्यानं प्रामाणिकपणे विचारलं, "मग साहेब अर्धेच दिसतील ना?" शनिवारी बांबू उभे राहिले. बाळा स्वतः शिडीवर चढून गाठी मारत होता. एरवी काम करताना तो तोंड बंद ठेवत नाही. त्या दिवशी कुणाशी बोलला नाही.

रविवारी सकाळपासून मैदान भरलं. पहिल्या सामन्याआधी सगळे उभे राहिले, डोकी खाली. व्यासपीठावर तीन-चार खुर्च्या, मधल्या खुर्चीवर काकी, हिरव्या काठाची साडी, खांद्यावर मंडळानं दिलेली शाल. शेजारची खुर्ची दीपालीची, ती रिकामी. बाळानं माइकवर दोनदा नाव घेतलं. मग त्यानं विषय बदलला आणि कुर्ल्याच्या संघाची नाणेफेक उरकून घेतली.

दीपाली वळणावर होती. ओढणी कमरेला बांधलेली, हात वर. मैदानाकडे येणाऱ्या माणसांना ती थांबवत होती, खांबाला वळसा घालून पलीकडे जात होती, उतारावरून येणारी वाहनं थांबवत होती, परत येऊन माणसं सोडत होती. पुष्कळांना ती मंडळाची कार्यकर्ती वाटली. एका रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली. "क्या मॅडम, ट्रॅफिक में लग गए क्या?"

"हाँ. रुको."

"सीटी तो दिला नहीं तुमको!"

"तुम्हारा हॉर्न है ना. वो भी मत बजाओ."

रिक्षातल्या बायका हसल्या. दीपाली हसली नाही. तिच्या शेजारून जाणारी दोन-चार ओळखीची माणसं थबकली. "अगं, पुरे झालं, ये आत," असं म्हणाली आणि आत गेली. ती काय करते आहे हे कळायला वस्तीला फार वेळ लागला नाही. तिचा राग कळत होता. त्यावर काय करायचं, हे कळत नव्हतं. कमान काढावी तर मंडळाचा अपमान, राहू द्यावी तर डोळ्यांसमोर हे. अशा वेळी माणसं खेळ बघतात.

मैदानात फलंदाज जोरात होता. बाळाचा आवाज चढला होता, पण मधूनच अडखळत होता. चौकार बसला की तो म्हणायचा, "काय मारलाय राव, साहेब असते तर..." आणि पुढचं वाक्य त्याला सापडायचं नाही. डावांच्या मधल्या विश्रांतीत त्यानं नेहमीची गोष्ट सुरू केली. सोनसाखळीचोर मोटरसायकलवर आला, बाईनं आरडाओरडा केला, साहेब धावले. टपरीवाल्याची बायको त्याच वेळी व्यासपीठाच्या मागून काकींपाशी आली आणि कानाशी बोलली. काकी उठल्या. शाल खुर्चीवर राहिली. चपला पायांत नीट न घालताच त्या फाटकाकडे निघाल्या. गोष्ट चोराच्या पकडीपर्यंत आली होती. ती तिथं बंद पडली. माइक खाली ठेवल्याचा ठक्क आवाज मैदानभर झाला आणि बाळा त्यांच्या मागे धावला. आम्हीही गेलो.

फाटकाबाहेर आल्यावर पन्नासेक पावलांवर कमान दिसते. काकींना समोर मुलगी दिसत होती. दीपालीनं माणसांना हात केला, "थांबा," म्हणाली, आणि खांबाला वळसा घालून पलीकडे गेली. ती जिथं दिसेनाशी झाली तिथं सदानंद घाडी उभे होते, वर्दीत, पूर्ण उंचीचे, डावीकडे बघणारे.

मग ब्रेक लागल्याचा आवाज आला. मोठ्या गाडीचा, लांबत जाणारा. रबर जळाल्याचा वास आला. थांबलेल्या माणसांपैकी कुणीतरी "अरे देवा" म्हटलं. पुढे काही ऐकू आलं नाही. कमानीवरचा फ्लेक्स वाऱ्यानं किंचित फुगला आणि पुन्हा चपटा झाला.

काकी धावल्या नाहीत. त्या चालतच खांबाला वळसा घालून गेल्या. पलीकडे खडीचा डंपर आडवा होऊन थांबला होता. त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर दीपाली उभी होती. तिचा हात अजून वर होता. तो खाली घ्यायचं तिच्या लक्षात येत नव्हतं. चालक वरून शिव्या देत होता. त्याला काकी दिसल्या आणि त्यानं मान आत घेतली.

काकींनी मुलीचा हात धरून खाली केला. मग मागे वळल्या. "बाळा. काढ ती."

"काढतो काकी. फायनल झाली की लगेच..."

"आत्ता."

"काकी, साहेबांचा फोटो आहे. असा मध्येच कसा उतरवायचा? पब्लिक काय म्हणेल?"

"खुळो झालंस काय रे?" काकींचा आवाज फुटला. मालवणी त्या एरवी घराबाहेर बोलत नाहीत. मग त्यांनी श्वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "ह्यांनीच तुला परवानगी दिलेली. माझ्या घरात, चहा पिताना. आधी नको म्हणाले होते. म्हणाले, वळणावर धोका आहे, मागे घे. तू गयावया केलीस, छापून झालंय, पैसे गेले, पोरं हिरमुसतील. मग म्हणाले, राहू दे, एका दिवसाचा प्रश्न आहे, मी स्वतः उभा राहतो तिथं. आणि उभे राहिले. चोर नव्हता, पोर नव्हतं, कोण नव्हतं. आपण सोडलेली गोष्ट आपणच सांभाळायला उभे होते."

दीपाली आईकडे बघत राहिली. "बाबांनी?"

"हो. तुझ्या बाबांनी. एवढी वर्षं तोंड बंद ठेवलं मी. लोक म्हणतील, पोलिसानंच नियम सोडला आणि स्वतःच गेला. सलामी दिली, झेंडा दिला, तो काय परत घेतील? घेऊ देत."

डंपरच्या मागे वाहनांची रांग लागली होती, पण हॉर्न वाजत नव्हता. बाळा खांबाला टेकला. "मी पण कुणाला नाही सांगितलं, काकी," तो म्हणाला. हा आवाज माइकवरचा नव्हता. "कमानीचं कुणी विचारायला लागलं तर साहेबांचं नाव येणार. माझंही येणार. म्हणून तर तो चोर..." आणि तो रडायला लागला. सुताराच्या त्या जाडजूड हातांनी त्यानं तोंड झाकलं.

या सगळ्याला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. आत मैदानात पंच दुसऱ्या डावासाठी थांबले होते. मानखुर्दचा एक खेळाडू बॅट घेऊन फाटकापर्यंत आला, काय चाललंय ते बघितलं, आणि बॅट भिंतीला टेकवून तोही मदतीला आला. गाठी घट्ट बसल्या होत्या. बाळानं आदल्या दिवशी स्वतः मारलेल्या, सुटेनात. कुणीतरी टपरीवरून ब्लेड आणलं. काथ्या कापताना त्याचा भुसा खाली उभ्या असलेल्यांच्या केसांत पडत होता. पहिला फ्लेक्स वरून सुटला तसा पोरांनी तो हवेतच झेलला. जमिनीला लागू दिला नाही.

मग पोरं अडली. चौघांनी चार कोपरे धरले होते, मध्ये ताणलेले घाडी, आकाशाकडे तोंड करून. ऊन थेट त्यांच्या टोपीवर पडलं होतं. फ्लेक्स रस्त्यावर पसरून ठेवता येत नव्हता, गुंडाळायला मूळची नळी कुणाकडे नव्हती, आणि घडी घालायची म्हटली तर ती नेमकी चेहऱ्यावरूनच जाणार होती. पोरं एकमेकांकडे बघत तशीच उभी राहिली. डंपरवाल्यानं इंजिन बंद केलं.

"घडी घाल रे, बाळा," काकी म्हणाल्या. "चेहऱ्यावरून गेली तरी चालेल."

बाळानं डोळे पुसले आणि कोपरा कोपऱ्याला लावला.